विझलेल्या ज्वालामुखीवर एक दिवस, लेकीच्या पैजेखातर

आधीच सांगून टाकते, मला बर्फ आवडत नाही. उत्तरेकडच्या नेपरव्हिलला आम्ही आठ हिवाळे काढले. आठही हिवाळे सकाळी उठून ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं उपसला, त्यात नवऱ्याची, मिलिंदची, पाठ धरली, माझं मनगट मोडलं. शेवटी एका फेब्रुवारीत मी नवऱ्याला म्हटलं, पुरे झालं, जिथे बर्फ पडत नाही तिथे नोकरी बघ. म्हणून आम्ही ॲरिझोनात, चँडलरला आलो. इथे अंगणात निवडुंग आहे आणि जानेवारीत बिनबाह्यांचा स्वेटर पुरतो. तर अशा वाळवंटात वाढलेल्या आमच्या कन्येनं, रेवानं, अख्ख्या राज्यात शोधून शोधून बर्फाचा डोंगर काढला आणि तिथे स्कीइंग शिकवायची नोकरी धरली. कर्म माझं, दुसरं काय!

रेवा सव्वीस वर्षांची आहे. सिव्हिल इंजिनियर. फिनिक्समध्ये तीन वर्षं पुलांची डिझाइन्स करत होती. गेल्या ऑक्टोबरात ती नोकरी सोडून त्या डोंगराच्या पायथ्याशी, फ्लॅगस्टाफला गेली आणि दिवाळीच्या फराळाला आली तेव्हा चकली खाता खाता आम्हाला सांगितलं. मी ताटावरून उठले. त्यानंतर तीन महिने आमचं फोनवर बोलणं म्हणजे 'जेवलीस का' आणि 'हो' एवढंच.

मला इतकं का लागलं, तेही सांगते. मी आणि मिलिंद पुण्याहून व्हिसावर आलो. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा, या धाकात आम्ही अकरा वर्षं काढली. शुक्रवारी मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं की मी जाता जाता मनात सामान बांधायला घ्यायचे. रेवा इथे जन्मली, तिला हा धाक ठाऊक नाही, आणि तिला तो कधी कळू नये म्हणून तर आम्ही एवढं केलं. पण म्हणून चांगली नोकरी अशी लाथाडायची? मला भीती वाटत होती आणि भीती वाटली की मी भांडते.

जानेवारीत माझ्या एका मैत्रिणीनं तिच्या ओळखीच्या कंपनीत रेवासाठी मुलाखत ठरवली. मंगळवारची. मी फोनवर सांगितलं. मग ती म्हणाली, "ओके. आई, लेट्स मेक अ डील. शनिवारी तू इथे ये. एक दिवस माझ्याकडून स्कीइंग शीक. दिवस संपल्यावर तू म्हणालीस, सोड हे, तर मी मंगळवारी जाईन. प्रॉमिस. बट यू हॅव टू रिअली ट्राय. आणि खरं सांगायचं."

मी लगेच हो म्हटलं. मी संगणकाच्या चिप्स तपासणाऱ्या विभागात काम करते. पंचवीस वर्षं दोष काढायचाच पगार घेते. एका डोंगरात दिवसभरात दोष सापडणार नाहीत, असं होईल का?

शुक्रवारी दुपारी निघालो. जाणाऱ्यांसाठी माहिती: चँडलरहून साधारण पावणेतीन तास, पण शुक्रवारी फिनिक्सच्या आत एक तास नुसता सडाल, म्हणून एकच्या आत निघा. पुढे आय-सतरा महामार्गानं उत्तरेला. आधी दोन्ही बाजूंना हात वर करून उभे असलेले सवारो निवडुंग, मग ते अचानक संपतात, मग गवताचं पठार, मग व्हर्दे खोऱ्यात सरळ खाली उतरणारा घाट. ब्रेक बघून घ्या. पेट्रोल खोऱ्यातच भरा. तिथून चढ लागतो आणि अर्ध्या तासात पाइनची झाडं सुरू होतात. मग समोर तो डोंगर दिसतो, पांढरं डोकं घेऊन एकटाच बसलेला. मिलिंद म्हणाला, "काय भारी दिसतोय यार!" मी म्हटलं, समोर बघून चालव.

नकाशात याला सॅन फ्रान्सिस्को पीक्स म्हणतात. त्या शहराचा इथे काही संबंध नाही, ते कुठल्या कुठे. हा विझलेला ज्वालामुखी. मूळचा खूप उंच होता, मग एक अख्खी बाजूच ढासळली आणि उरलेल्या कडेची ही शिखरं झाली. मिलिंद कॉलेजात असताना दर रविवारी सह्याद्रीत असायचा, त्यामुळे त्याला फार उमाळा. "आपला सह्याद्रीही लाव्हाचाच," तो म्हणाला. मी म्हटलं, हो, तिथेही लोक घसरतात, पण तिथे त्याला पडणं म्हणतात आणि त्याचे कोणी पैसे घेत नाही.

हॉटेल घेताना रुळांपासून लांबचं घ्या. आम्ही जुन्या हायवेवरचं घेतलं आणि मालगाड्या खोलीतून गेल्यासारख्या जात होत्या. संध्याकाळी रेवाच्या घरी जेवायला गेलो. तीन मुली मिळून एक घर. गादी जमिनीवर, आंघोळीच्या टबात चार जोड बूट ठिबकत ठेवलेले, खिडकीत वाळत घातलेले मोजे. तिनं मुगाची खिचडी केली होती, बरी झाली होती, पण मी तसं म्हटलं नाही. उलट वाटेत फोनवर वाचून ठेवलेला बाण काढला. "हा डोंगर इथल्या मूळ रहिवाशांचा, नवाहो आणि होपी लोकांचा देव आहे ना? इथे स्कीइंग नको म्हणून ते किती वर्षं सांगतायत. आणि तुम्ही देवाच्या अंगावर पायांत फळ्या घालून घसरता?"

मला वाटलं ती चिडेल. ती ताटात बघत म्हणाली, "रोज विचार करते त्याचा, आई. आय डोन्ट हॅव अ गुड आन्सर." आणि मला लोणचं वाढलं.

शनिवार. आठच्या आत वर पोचा, नाहीतर पार्किंग खाली मिळतं आणि तिथून जड बूट घालून चालावं लागतं. शेवटचा रस्ता वळणावळणाचा, बर्फ पडलेला असेल तर फोर व्हील ड्राइव्ह किंवा साखळ्या हव्यात. तळच नऊ हजार फुटांच्या वर आहे, डोकं दुखतं, पाणी पीत राहा. सनस्क्रीन कानांनाही लावा. तिकीट आधी ऑनलाइन घ्या. माझी चूक करू नका, मी आत सुती बनियन घातले, एकावर एक तीन. घाम आला की ते भिजतात आणि मग तुम्ही ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या कोथिंबिरीसारखे दिवसभर गार राहता. मिलिंदनं तर माकडटोपी आणली होती. त्यानं स्कीइंगला आधीच नकार दिला होता, पाठीचं निमित्त. तो थर्मास, थालीपिठं आणि लसणीची चटणी घेऊन लॉजच्या काचेशी बसला, तो संध्याकाळपर्यंत.

आता स्कीच्या बुटांबद्दल. हे ज्यानं शोधले त्याला ते घालून घाट चढायला लावायला हवा. पोटरीपर्यंत प्लास्टिक, वर चार लोखंडी कड्या, आत पाय गेला की घोटा हलत नाही. चालायचं तर टाचेवर, धाडधाड. आजूबाजूला शेकडो माणसं अशीच धाडधाडत, खांद्यावर फळ्या घेऊन, उणे तापमानात हसत होती. एवढा खर्च करून, इतक्या थंडीत, पाय आवळून, वर जायचं कशासाठी? तर खाली यायला!

नवशिक्यांचा उतार म्हणजे आपल्या सोसायटीतल्या पार्किंगचा असतो तेवढा. वर जायला जमिनीवर सरकता पट्टा. लहान लहान पोरं माझ्या बाजूनं भुर्रकन जात होती आणि मी पडत होते. पहिल्या तासात अकरा वेळा. रेवा म्हणत होती, "पुढे वाक, आई. नडगी बुटाच्या जिभेवर दाब. वजन पुढे." मी म्हणत होते, पुढे खड्डा आहे, पुढे कशी वाकू? भीती वाटली की माणूस मागे रेलतो आणि मागे रेललं की फळ्या तुमच्या आधी निघून जातात. तिनं मला काठी धरून वाकायला सांगितलं, हात गुडघ्यांवर ठेवायला सांगितलं, समोरून उलटी घसरत माझे दोन्ही हात धरून नेलं. हात सोडले की मी पुन्हा मागे. एकदा पडल्या पडल्या मी ओरडले, "हे माझ्याच्यानं होणार नाही! काय ठेवलंय यात?"

ती चिडली नाही. पुलाच्या नोकरीत असताना हीच मुलगी फोनवर दोन मिनिटांत वैतागायची. मी मनात नोंद केली आणि लगेच खोडली, कारण मी जिंकायला आले होते.

जेवायला लॉजमध्ये. तिथल्या बर्गरच्या किमतीत चँडलरला दोघं पोटभर जेवतात, आणि तो बर्गरही गार. आम्ही थालीपिठं खाल्ली. मिलिंदनं शेजारच्या टेबलावरच्या दोघांनाही वाढली. "शुभा, जमतंय का?" त्यानं विचारलं. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा तो पुन्हा चहाकडे वळला.

जेवणानंतर मी रेवाला म्हटलं, एवढं आलोय तर खुर्चीच्या लिफ्टनं वर जाऊन बघू तरी. आपली जुनी खोड, आलोच आहोत तर बघू. तिनं स्पष्ट सांगितलं, "वर गेलीस की स्की करत खाली यायचं. हळूहळू, पण करत." मी म्हटलं, बघू. खुर्ची मागून येऊन गुडघ्यांवर आपटते आणि तुम्ही हवेत. खाली काळे, धारदार दगड बर्फातून डोकं काढून होते. मी दांडा इतका घट्ट धरला होता की रेवानं माझ्या हातावर हात ठेवला.

"सांग तरी," मी विचारलं, "या खडबडीत डोंगरात असं काय आहे?"

ती मराठीत बोलायला लागली, म्हणजे शोधत शोधत, मध्ये थांबत. घरी वीस वर्षं मी 'मराठीत बोल' म्हणून ओरडत होते. "लाव्हा ना, आई, वेगवेगळा वाहिला. म्हणून हा कुठेच सेम नाही. इथे घळ, तिथे दगड, तिथे वारा बर्फ उडवून नेतो. यू हॅव टू रीड इट. रोज नवीन वाचायचं. पुलावर मी कॉपी पेस्ट करत होते. आणि इथे कोणीतरी घाबरलेलं येतं आणि चार वाजता हसत जातं. तेवढंच."

वर उतरलो. पश्चिमेला खाली रान पसरलेलं आणि त्यात छोटे छोटे ज्वालामुखी, पालथ्या घातलेल्या वाट्यांसारखे, कितीतरी. आपल्या पायाखाली हे सगळं एकेकाळी पेटलेलं होतं, या विचारानं मला थोडं भरून आलं. मग उताराकडे बघितलं आणि तोंडचं पाणी पळालं.

पहिली शंभर पावलं मी जवळजवळ बसूनच आले. पुढे एका कडेला जांभळ्या जॅकेटातल्या एक बाई उभ्या होत्या, सत्तरीच्या तरी असतील, निवांत दम घेत. मी त्यांच्याकडे बघत होते आणि फळ्या बघितलं तिकडेच निघाल्या. "आई, दुसरीकडे बघ!" रेवा ओरडली. मी मागे रेलले, वेग वाढला, आणि माझी डावी फळी त्यांच्या फळीच्या टोकावर चढली.

पाय लागला! दुसऱ्याला, त्यातून वयानं मोठ्या माणसाला. माझं डोकं काही विचार करायच्या आत हात गेला. वाकले, डाव्या बुटावरून पुढे हात लांब करून त्यांच्या फळीला लावला आणि छातीशी आणला. पन्नास वर्षांची सवय. पुस्तकाला पाय लागला, माणसाला लागला, की हात आपोआप जातो. आणि त्या वाकण्यात माझ्या फळ्या सुळकन उजवीकडे वळल्या, उताराला आडव्या झाल्या आणि थांबल्या. मी उभी होते.

बाई बघतच राहिल्या. "हनी, व्हॉट वॉज दॅट?"

मी म्हटलं, "सॉरी. पाय लागला की आमच्यात असं करतात."

"वेल, इट वर्क्ड," बाई म्हणाल्या आणि हसत खाली निघून गेल्या.

रेवा मात्र हसत नव्हती. ती माझ्या बुटांकडे बघत होती, डोळे बारीक करून, जसं मी एखाद्या बिघडलेल्या चिपकडे बघते. मग म्हणाली, "पुन्हा कर."

"काय?"

"नमस्कार. डाव्या पायाला केलास की उजवीकडे वळशील. उजव्याला केलास की डावीकडे. वाकायचं विसर, वजन विसर. आय वॉज टीचिंग यू राँग ऑल मॉर्निंग. फक्त नमस्कार कर."

सकाळपासूनचं सगळं शिकवणं तिनं एका क्षणात बाजूला टाकलं आणि माझ्या सवयीतून नवा धडा बांधला. मी डाव्या बुटाला हात लावला, छातीशी आणला, उजवीकडे वळले. उजव्या बुटाला लावला, डावीकडे वळले. ती माझ्यापुढे उलटी घसरत होती आणि ओरडत होती, "डावा! नमस्कार! मस्त! उजवा! नमस्कार!" लोक वळून बघत होते. बघू देत. अर्ध्या वाटेवर मला वाटायला लागलं की मी हे बुटाला करत नाहीये. माझी आई सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी जमिनीला हात लावायची, तुला पाय लावतेय, माफ कर म्हणून. मीही त्या डोंगराला वळणावळणावर तेच म्हणत होते. ज्यांचा तो देव आहे त्यांना एवढ्यानं काय बरं वाटणार, हे मला कळतं. पण मी म्हणत होते, आणि खाली पोचले तेव्हा एकदाही पडले नव्हते. मिलिंद काचेमागे माकडटोपी हलवत उभा होता.

चार वाजता लिफ्ट बंद झाल्या. माझी पिशवी रेवाच्या गाडीत होती म्हणून मी मागचं दार उघडलं. आत हँगरला तिचा निळा कोट टांगलेला होता, इस्त्री केलेला, वर धोब्याकडचं पातळ प्लास्टिक. शेजारी ऑफिसचे बूट, पुसलेले. मुलाखतीची तयारी. मी आजवर समजत होते की ही पैज म्हणजे तिचा खेळ आहे, वेळ आलीच तर ती काहीतरी पळवाट काढेल. तिनं काढलेली नव्हती. मी सोड म्हटलं असतं तर ती खरोखर तो कोट घालून गेली असती, आणि पुढची तीस वर्षं गेली असती, कारण तिनं आईला शब्द दिला होता. मला लाज वाटली, सांगते.

मी मागच्या सीटच्या कडेला बसले होते आणि ती माझ्यापुढे बर्फात गुडघे टेकून माझ्या बुटांच्या कड्या सोडवत होती. वर न बघता विचारलं, "सो? मंगळवार?"

"हे बूट म्हणजे छळ आहे," मी म्हटलं.

"आय नो."

"बर्गर गार होता. थंडी भयंकर आहे. हा सगळाच प्रकार मला अजून वेडगळ वाटतो."

"आय नो, आई." तिचे हात थांबले होते.

"खरं सांगायचं ठरलंय म्हणून सांगते. दिवसभर मी दोष शोधले. तुझ्या शिकवण्यात एकही सापडला नाही." मग मी हँगरसकट तो कोट काढून घेतला. "हा मी घरी नेते. इथे टबातल्या बुटांत खराब होईल."

ती माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून बसली, आणि बर्फात बसल्यानं तिची पँट भिजत होती तरी मी उठ म्हटलं नाही.

रविवारी परतलो. खोऱ्यात उतरताना स्वेटर निघाला, फिनिक्सला गाडीच्या काचा खाली केल्या. मैत्रिणीला फोन करून मुलाखत कॅन्सल केली, तिनं मला चार शब्द ऐकवले, ते मी ऐकून घेतले. मांड्या आठवडाभर दुखल्या. तुम्ही जावं का? थंडी, गर्दी आणि खर्च सोसत असेल तर जा, मी आग्रह करणार नाही. दगड आहेत, डोंगर अवघड आहे, आणि तो कोणाचा तरी देव आहे हे लक्षात ठेवून जा. रेवाला त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही आणि मलाही नाही. परवा तिनं व्हिडिओ पाठवला. सहा पोरं एका ओळीत उतारावरून येतायत, वळणावळणावर बुटाला हात लावून छातीशी नेतायत, आणि मागून तिचा आवाज, "डावा! नमस्कार!"

काल ऑफिसात एसी फार होता, म्हणून तो निळा कोट घालून गेले. खांद्यात थोडा घट्ट होतो. लंचला शेजारची म्हणाली, छान आहे, नवीन घेतलास का?

मी म्हटलं, नाही गं, लेकीचा आहे. तिला आता लागत नाही.